गाठ न मारता

खानापूरच्या स्टेशन रोडला माझं ब्लाउजचं दुकान,
मागच्या दारी सागाचं एक वेडंवाकडं रोप.
त्याच्या दोन पानांत शिंप्यानं घर केलं
तेव्हा मी बॉबिन भरत होतो.
(आमच्याकडं बायकाही भरतो, येतो, जातो.)

चष्मा लावून बघितलं.
पानाची कड न फाटता भोकं, अंतर बरोबर,
धागा माझाच, जांभळा, काल केरात टाकलेला.
गाठ मात्र कुठंच नाही.
आरपार ओढायचा, बाहेरच्या अंगाला पिंजून सोडायचा,
एवढंसं बोंड होतंय, तेवढ्यावर सगळं घर.
बत्तीस वर्षं शिवतो मी.
हा टाका मला कुणी दाखवला नव्हता.

भाचा वैजू रानात घरटी मोजायला जातो,
पगारी काम, हातात रकान्यांची वही.
सोमवारी दुकान बंद, मीही गेलो मागोमाग
जांबोटीच्या पुढं, पुढ्यात मष्णू, त्याच्या कमरेला कोयता.
मष्णू म्हणतो शिंपी,
खात्याच्या पाटीवर कन्नडात सिंपिग,
वर फांदीत ते दोघांनाही तसंच ओरडतंय.

पण इथल्या शिंप्याकडं माझा धागा कुठला!
सावरीचा कापूस, कोळ्याचं जाळं, कसल्या तरी सालीचं सूत,
टाके लांब लांब, घाईचे.
वैजूनं लिहिलं, प्रकार तोच.
मी म्हटलं, तोच कसा? हात वेगळा दिसतोय की.

शिंजिराचं बघून हसूच आलं.
करवंदीच्या टोकाला लोंबणारं गबाळं:
साल, वाळकी पाकळी, अळीची घाण,
आणि बसच्या तिकिटाचा एक कपटा.
वाटावं, वाऱ्यानं आणून अडकवलंय.
दारावर मात्र बोटाच्या पेराएवढी पडवी.
आतलं अस्तर बघावं म्हणून हात पुढं केला,
मष्णूनं मनगट धरलं.
'आतलं तिचं तिला म्हाईत.'

नाचणाची वाटी त्याच्या उलट, घोटून घोटून इतकी नेटकी
की सुरुवात कुठं केली ते सापडेना.
आणि खाली बोटभर शेपूट लोंबतंय, न कापलेलं!
असे दोरे राहिले की शहापूरचे मास्तर
कात्री आपटायचे टेबलावर.
वैजू म्हणतो, ते का ठेवतात नक्की कुणाला ठाऊक नाही.
मला जरा बरं वाटलं.

कणकुंबीकडं, ओढा उडी मारतो तिथं,
शीळ घालणाऱ्या कस्तुरानं काही शिवलंच नव्हतं.
ओलं शेवाळ, मुळं, कपारीत थापलेली,
तुषार सारखे अंगावर.
मी तर कापड भिजलं की काम बाजूला ठेवतो.

'माप कशावरनं घेतात?' मी विचारलं.
मष्णूनं छातीवर हात ठेवला
आणि पायवाटेवर उभ्या उभ्या गिरकी घेतली.
बसायचं, छातीनं दाबायचं, फिरायचं, परत दाबायचं.
साठीचा माणूस, कोयत्यासकट, दोनदा फिरला.
गळ्यातली टेप मी काढून पिशवीत ठेवली.

परतताना सुभगाचं घर दाखवलं त्यानं,
कुड्याच्या बेचक्यात, चहाच्या बशीपेक्षा लहान.
अंडी काल कुकुडकुंभ्यानं नेलेली.
मादी तेच घर उसवत होती.
एकेक तंतू चोचीनं ओढून
पलीकडच्या किंजळावर न्यायची,
नव्या बेचक्याला गुंडाळायची,
परत यायची.

थोरलीचं ठरलेलं मोडलं त्या वर्षी
मीही शालूची जर उसवून ठेवली होती.
उसवलेल्या धाग्यात जुन्या टाक्यांची वळणं राहतात,
सुईतनं जाताना अडतोय तो.
तिचा अडत नव्हता.
की अडत असेल, लांबून दिसत नव्हतं.

वैजू वहीची पानं मागंपुढं करत राहिला.
उसवण्याला त्यात रकाना नव्हता.